धने-जिऱ्याचं पाणी

पिंपरी पेंढार
११ मार्च २०२४

प्रिय मोहिनी,

मागच्या पत्रात ओरडलीस, की इंदे, घरात फोन असताना पत्रं कसली लिहितेस. अगं, फोन दोन आहेत. एक ह्यांचा, ते ओट्यावर स्पीकर लावूनच बोलतात. दुसरा सुनेचा, त्यावर तिची तेजू दिवसभर कार्टून बघते. आपण मामे-आते बहिणी काय बोलतो ते अख्ख्या मळ्याने ऐकायला नको, म्हणून पोस्टमनला कामाला लावते. अवसरीच्या शाळेत बाईंनी माझं अक्षर फळ्यावर लावलं होतं, ते तरी कुठे वापरू?

कांदा काढणीला आलाय. आमचा ज्ञानेश्वर चाकणला कामावर, त्यामुळे रानात मी, सूनबाई साधना आणि शेजारची धोंडाबाई. उसात बिबट्या आहे आणि बांधावर गडीमाणसं, त्यामुळे सकाळी घरून जाऊन आलं की संध्याकाळपर्यंत लघवी धरून ठेवायची. तुला माहीत आहेच.

एक विचारायचं होतं. तू डॉक्टरांच्या संगतीत असतेस म्हणून. माझं पाच वर्षांपूर्वी बंद झालं होतं, ते फेब्रुवारीपासून पुन्हा सुरू झालंसं वाटतं. कपड्याला फारसं लागत नाही, लघवीला बसलं की लाल दिसतं. दोन दिवस राहतं आणि जातं. दुखत नाही, जळजळ नाही. आमच्याकडे अजून पाळतात, म्हणून चार दिवस बाजूला बसते आणि कॅलेंडरवर गोल करून ठेवते. धोंडाबाई हसली, म्हणाली, "इंदे, म्हातारपणी तुला पुन्यांदा न्हाण आलं का काय!" ह्यांना सांगायची लाज वाटते. फाट्यावरच्या डॉक्टरांनी मान वर न करता "उन्हाळी आहे" म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. तुला काय वाटतं?

तुझी,
इंदू

---

पुणे
२० मार्च २०२४

प्रिय इंदू,

तुझं पत्र आलं तेव्हा मी हवेतच होते, म्हणून आधी माझं ऐक. आमच्या संशोधन संस्थेत मूत्राशयाच्या कर्करोगावर मोठं काम सुरू आहे आणि काप काढायचं सगळं काम माझ्याकडे आहे. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ मेणाच्या वडीत बसवून येते. मी तिचे केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर घेते, रंगवते. मग मोठे लोक सूक्ष्मदर्शकातून बघतात, की गाठ नुसती आतल्या अस्तरात आहे की खालच्या स्नायूत घुसली. सगळं त्यावर ठरतं. अस्तरात असेल तर खरवडून निभावतं, स्नायूत गेली तर बहुतेकदा अख्खी लघवीची पिशवीच काढावी लागते. गेल्या वर्षभरात साठ पेशंटांच्या वड्या कापल्या, त्यांत नऊ बायका. आमचे साहेब म्हणतात, हा रोग बायकांना कमी होतो, पण बायका येतात तेव्हा उशीर झालेला असतो. का, ते कोणाला धड सांगता येत नाही. फॉर्मवर "पहिलं लक्षण कधी दिसलं" असा रकाना आहे, बायकांचा तो रिकामाच असतो. आमच्या शोधनिबंधात खाली आभारांत माझंही नाव येणार आहे, बघ!

तुझ्या उन्हाळीचं काळजीचं काही नाही. दिवसभर धरून ठेवता, पाणी पीत नाही, दुसरं काय होणार? धने-जिऱ्याचं पाणी पी, रात्री भिजत घालून सकाळी गाळून. सब्जा घाल. आणि या वयात बायकांचं मागे-पुढे होतच असतं, मनाला लावून घेऊ नकोस.

पेठला यात्रेला येणार आहे, तेव्हा भेटू.

तुझी,
मोहिनी

---

पुणे
४ डिसेंबर २०२४

इंदू,

हॉस्पिटलमध्ये तुझ्या खाटेपाशी दादाभाऊ होते, साधना होती, म्हणून तोंड दाबून बसले होते. आता घरी येऊन सगळं लिहिते आहे.

रक्ताच्या गुठळ्या अडकून लघवी बंद पडेपर्यंत तुला कोणी मोठ्या दवाखान्यात नेलं नाही! मी दादाभाऊंना विचारलं, तर म्हणतात, "आवं, बायकांचं व्हतं, आमी काय इचारणार?" चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या नवऱ्याला विचारता येत नाही? त्यांच्या बैलाच्या लघवीत रक्त आलं असतं तर त्याच दिवशी ढोरांचा डॉक्टर घरी आला असता.

आणि तो फाट्यावरचा! सहा वेळा गेलीस, सहाही वेळा गोळ्या. एकदा तरी त्याने बाटली देऊन "मावशी, यात लघवी आणा" म्हटलं? सोनोग्राफी राहू दे, बाटली! पुरुष गेला असता आणि लघवीत रक्त म्हणाला असता, तर त्याच दिवशी तपासणीची चिठ्ठी मिळाली असती. बाईने रक्त म्हटलं की ते कुठून येतंय हे कोणी विचारतच नाही. बाईचं रक्त म्हणजे ठरलेलं, बाजूला बस.

तू मला ते कॅलेंडर दाखवलंस. फेब्रुवारी ते नोव्हेंबर, अकरा गोल. अकरा वेळा कर्करोगाने दार वाजवलं आणि अकरा वेळा घरातल्यांनी तुला स्वैपाकघराबाहेर बसवलं. मला त्या गोलांकडे बघवेना.

आता नीट ऐक. खरवडून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट मी स्वतः साहेबांना दाखवला. गाठ अस्तराखाली थोडी उतरली आहे पण स्नायूत गेलेली नाही. हे तुझं नशीब. पण तिची जात वाईट आहे, झपाट्याने वाढणारी आणि पुन्हा पुन्हा उगवणारी. म्हणून महिन्याभरात पुन्हा एकदा खरवडून बघतील आणि मग पिशवीत औषध सोडतील, आठवड्याला एक, असे सहा डोस. ते सहाही घ्यायचे. एकही चुकवायचा नाही.

मी कोणालाही माफ करणार नाही, तू कर हवं तर.

मोहिनी

---

पिंपरी पेंढार
१४ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोहिनी,

तुझ्या रागाचं पत्र मी शिलाई मशीनच्या खणात ठेवलंय. साधनाच्या हाती लागू नये म्हणून.

दुसऱ्यांदा खरवडलं, स्नायू स्वच्छ निघाला. जानेवारीच्या बावीस तारखेपासून डोस सुरू झाले. बारीक नळी घालून औषध आत सोडतात आणि दोन तास धरून ठेवायला सांगतात. मधे मधे कुशी बदलायच्या, पोळी उलटतात तशी. शेजारचा एक गृहस्थ पाऊण तासात कळवळायला लागला. नर्स मला म्हणाली, "आजी, तुम्हाला त्रास होत नाही?" मी म्हटलं, "बाई, दोन तास म्हणजे आमची न्याहारीची सुट्टी. आमी सूर्य मावळेस्तोवर धरतो." ती हसली, पण मला नंतर त्याचं हसू आलं नाही.

तीन डोस झाले. आता जरा बरं वाटतंय, लघवी स्वच्छ आहे. त्यामुळे थोडं थांबते. गहू सोंगायला येईल, हरभरा आहे, दर बुधवारी ह्यांना पुण्याला यायला जमत नाही. चौथ्याचं पुढच्या महिन्यात बघू. तू काळजी करू नकोस आणि इथे फोन करून ओरडू नकोस.

तेजू आता "क" काढते.

तुझी,
इंदू

---

पुणे
२० फेब्रुवारी २०२५

इंदू,

गहू? गव्हासाठी?

तुला काय वाटतं, हे ताकद यायचं टॉनिक आहे? बरं वाटलं की बंद? तीन डोस म्हणजे अर्धं काम. हे औषध स्वतः गाठ मारत नाही, तुझ्याच अंगातले पहारेकरी जागे करून पिशवीच्या अस्तराकडे धाडतं. ते आत्ता कुठे डोळे चोळून उठलेत आणि तू त्यांना पुन्हा झोपवायला निघालीस. मी कापते त्या वड्यांत अशांच्याही आहेत, ज्यांनी मधेच सोडलं. गाठ परत आली, स्नायूत शिरली, मग पिशवी काढून पोटावर थैली लावली. त्यातल्या काहींच्या वड्या उरल्या आहेत, माणसं नाहीत.

तुझी पिशवी वाचते आहे, इंदे! जीव वाचतो आहे! आणि तू हरभऱ्याचं नाव सांगतेस. तू भित्री आहेस, लहानपणापासून. विहिरीत पोहायला आम्ही सगळ्या उतरलो आणि तू काठावर कपडे सांभाळत बसलीस. आताही तेच. नळीला घाबरलीस, दुसरं काही नाही. दादाभाऊंना वेळ नाही म्हणे. त्यांना सांग, मी येऊन कॉलर धरून आणीन.

बुधवारी आली नाहीस तर आपलं नातं संपलं समज.

मोहिनी

---

पिंपरी पेंढार
२७ फेब्रुवारी २०२५

मोहिनी,

नातं संपवायचं तर संपव. पण खरं ऐकून संपव.

गव्हाचं मी खोटं लिहिलं. दवाखान्यातून कागद देतात, की डोस झाल्यावर सहा तास लघवी केली की संडासात ब्लीचिंग पावडर टाका, पंधरा मिनिटांनी पाणी ओता. कागदावर औषधाचं नाव बी.सी.जी. साधनाने मोबाइलवर बघितलं. टीबीची लस, आत जिवंत जंतू. तिच्या माहेरी चुलता टीबीने गेला आहे. तिने त्या दिवसापासून माझं ताट, तांब्या, वाटी वेगळी केली. माझी खाट गोठ्याच्या पडवीत घातली. तेजूला माझ्याकडे येऊ देत नाही. पोरगी दारात उभी राहून "आजी, क बघ" म्हणून पाटी दाखवते, लांबून. साधना वाईट नाही. मला म्हणाली, "आई, मी काय दुष्मन हाय का तुमची? पर पोरगी ल्हान हाय, काय झालं म्हंजी?" मलाही तेच वाटतं. तेजूला माझ्यामुळे काही झालं तर ती वाचलेली पिशवी घेऊन मी काय करू?

पस्तीस-चाळीस वर्षं महिन्याचे चार दिवस बाजूला बसले. पाळी संपली तेव्हा वाटलं होतं, सुटले. आता बाराही महिने बाजूला आहे. तू ज्याला भित्रेपणा म्हणतेस तो हा.

आणि आता आणखी एक. डिसेंबरात तू सगळ्यांवर कडाडलीस. ह्यांच्यावर, डॉक्टरांवर, आमच्या रीतीवर. कोणी विचारलं नाही म्हणालीस. मी गप्प बसले, कारण हॉस्पिटलात तू माझे पाय चेपत होतीस. पण मला भित्री म्हणालीस तेव्हा माझंही डोकं फिरलं. मोहिनी, मी विचारलं होतं. तुला. सगळं लिहिलं होतं, लघवीलाच लाल दिसतं, दुखत नाही, जळजळ नाही. जळजळ नसलेली उन्हाळी असते का गं? तू उत्तरात अख्खा परिच्छेद भरून याच रोगाचं लिहिलंस, बायका उशिरा का येतात कोणाला सांगता येत नाही म्हणून, आणि खाली मला धने-जिऱ्याचं पाणी सांगितलंस. मी ते आठ महिने प्यायले. तू सांगितलंस म्हणून. डॉक्टरांच्या गोळ्या मी दोनदा टाकून दिल्या असतील, तुझं पाणी एक दिवस चुकवलं नाही.

तुझं ते पत्र सोबत परत पाठवते आहे. वाच, म्हणजे बायका उशिरा का येतात ते तुझ्या साहेबांना सांगता येईल.

इंद्रायणी

---

पुणे
४ मार्च २०२५

इंदू,

पत्र वाचलं. माझंच अक्षर, माझीच सही. दोन दिवस कामावर गेले नाही.

मला त्यावर काही सबब सांगायची नाही. तीस वर्षं मी परक्यांच्या गाठी कापते आणि स्वतःच्या बहिणीचं पत्र मी अर्धं वाचलं. आभारांत माझं नाव येणार होतं ना, त्या गुर्मीत. "बायकांचं मागे-पुढे होतं" हे वाक्य त्या फाट्यावरच्याचं नाही, दादाभाऊंचं नाही, माझं आहे. सगळ्यांवर ओरडत होते, कारण आतून कुठेतरी ते पत्र मला आठवत असणार. तू ते परत पाठवलंस ते बरं केलंस. मी तुला भित्री म्हणाले, ते शब्द मागे घेते.

ते पत्र मी साहेबांसमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मोहिनीताई, आपल्या फॉर्मवर रकाना आहे, पण प्रश्न कोणी नीट विचारत नाही." आता ते रक्त कुठून येतं हे बाईच्या भाषेत कसं विचारायचं, हे मी लिहून द्यायचं आहे. मला ते एकटीने लिहिता येणार नाही. तू सांग.

आता साधनासाठी. हा भाग तिला तिच्या हातात देऊन वाचायला लाव. खणात लपवू नकोस.

साधना, मी तुला दोष देत नाही. तुझ्या घरात टीबीने माणूस गेलंय, तू घाबरणारच. मला इंदूने विचारलं तेव्हा मीही चुकीचं सांगितलं, म्हणून या वेळी डॉक्टरांना समोर बसवून विचारून लिहिते आहे. या लसीतले जंतू दुबळे केलेले असतात. तेजूला जन्मल्यावर दंडावर जी लस टोचली आणि वण उठला, ती हीच. औषध आईंच्या पिशवीत सोडतात, ते लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणून सहा तास संडासात पावडर आणि हात साबणाने धुणं. एवढंच. खोकल्यातून, ताटातून, मांडीवर बसण्यातून काही होत नाही. वेगळी खाट नको. मात्र आईंना ताप चढला, अंग थरथरलं, तर घरी न थांबता डॉक्टरांना लगेच फोन करायचा. डॉक्टर म्हणाले, खंड पडला ते वाईट झालं, पण पुढचे तीन घेता येतील.

मी मंगळवारी अकरा तारखेला येते. बुधवारी इंदूला घेऊन जाते. दादाभाऊंनी गहू सोंगावा.

मोहिनी

---

पिंपरी पेंढार
३१ जुलै २०२५

प्रिय मोहिनी,

जूनमध्ये दुर्बिणीतून बघितलं तेव्हा तू बाहेर बाकावर बसली होतीस, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. स्वच्छ आहे. पण दर तीन महिन्यांनी बघायचं, पुढे मधले डोसही आहेत, आणि ही जात परत यायला टपलेली असते हेही डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मला तसंच आवडतं.

मार्चमध्ये तू आल्या आल्या माझ्या तांब्याने पाणी प्यायलीस. साधनाने ते बघितलं. संध्याकाळी तिनेच माझी खाट आत घेतली. तेजू आता माझ्या मांडीवर बसून "ज्ञ" काढते, तो तिला नीट येत नाही.

मागच्या आठवड्यात मी फाट्यावर गेले होते. कॅलेंडर घेऊन. डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "हे अकरा गोल. यातल्या सहा वेळा मी तुमच्याकडे आले." त्यांनी बघितलं. म्हणाले, "मावशी, बायकांचं वेगळं असतं, लगेच कळत नाही." मी म्हटलं, "वेगळं आहे का ते बघायला तपासावं लागतं, साहेब. बाटली दोन बोटांची असते." बाहेरच्या बाकावर सगळे ऐकत होते. डॉक्टर लाल झाले. मला वाईट वाटलं नाही.

तू प्रश्न मागितला होतास तो घे. डॉक्टरी भाषेत नको. असं विचारायचं: "बाई, लाल कुठे दिसतं, कापडावर की लघवीत? लघवीत दिसत असेल तर दुखो न दुखो, पाळी असो नसो, बाजूला बसू नका, दवाखान्यात जा." फॉर्मवर बसत नसेल तर फॉर्म मोठा करा.

परवा नागपंचमी झाली. तवा ठेवायचा नाही, चिरायचं-कापायचं नाही, त्यामुळे बायका मोकळ्या. वारुळाला पूजा करून आलो, पिंपळाखाली फेर धरला. गडीमाणूस एक नव्हता. गाणी संपली तेव्हा मी मधेच उभी राहिले आणि हाच प्रश्न विचारला, मोठ्याने. चाळीसएक बायका असतील. कोणी पदर तोंडाला लावला, कोणी खुदखुदली, एक म्हातारी म्हणाली, "आगं, सणाचं काय बोलायलीस!" मला राग आला. म्हटलं, "लाजंनं मी जवळपास मेले व्हते. हसा आता." मग हसणं थांबलं. पण एकेक जण पूजेचं ताट उचलून निघाली आणि मीही घरी आले. रात्रभर वाटत राहिलं, उगाच तमाशा केला.

आज सकाळी चहा ठेवला होता (हे पुढचं एसटीची वाट बघत लिहिते आहे, पत्र तुझ्या हातातच देईन), तर मागच्या दाराला धोंडाबाई. तीच, मला न्हाण आलं म्हणून हसणारी. आत येईना. उंबऱ्यावर उभी राहून पायाकडे बघत म्हणाली, "इंदे, मला बी दिसतंय. दोन म्हैने झालं. तुला हसले व्हते, मंग कुठल्या तोंडानं सांगू? दुखत न्हाई गं. तू पीत व्हतीस तसं धनं-जिऱ्याचं पाणी पितीया मी. आजून थोडं दिस पिऊन बघू का?"

मी गॅस बंद केला. पिशवीत तुझा पत्ता टाकला, साधनाला हाक मारून दुपारच्या एसटीची वेळ विचारली.

आणि धोंडाबाईला म्हटलं, "चप्पल घाल."

तुझी,
इंदू